ताडपत्रीखालचे पाय

माणसाचं तोंड बाईच्या लक्षात राहत नसे, पण जनावराचे पाय एकदा पाहिले की ती जन्मात विसरत नसे. निदान ती तसं सांगायची, आणि तिच्यासमोर नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. शिक्षणाचं म्हणाल तर पाटीवर स्वतःचं नाव लिहिता यायला लागलं त्याच दिवशी बापानं तिला शाळेतून उठवून गोठ्यात नेलं. ते नाव ती अजूनही असं लिहायची की एकेक अक्षर लंगडतंय असं वाटावं. पण वळू समोर आणा. मग बघा. पाठ, छाती, खुबे, ढोपरं, खूर, सगळं ती पंचांग वाचल्यासारखी वाचून दाखवायची, आणि ज्याचा वळू असेल त्याचे ग्रहही जाता जाता सांगून टाकायची.

त्यामुळं पशुपालकांच्या संघानं तिला पंच केलं. तोंड बंद करता येत नाही तर खुर्ची द्यावी, असा संघाचा त्यामागचा विचार होता, असं तिचा नवरा म्हणायचा. बाईच्या मते तो जळायचा.

संघाची पारखणी दर वर्षी व्हायची. आसपासचे सगळे तरणे वळू एका मैदानात आणायचे आणि पैदाशीला कुठला ठेवायचा ते तीन पंचांनी ठरवायचं. पास झाला त्याच्या कानात बिल्ला. मग लोक आपल्या गाई त्याच्याकडं फळवायला आणायचे. नापास झाला तो खच्ची व्हायचा आणि गाडी ओढायला जायचा. वळूच्या आयुष्यात एवढीच एक परीक्षा, पण निकाल असा की माणसाच्या कुठल्याही परीक्षेनं लाजावं.

या पारखणीत पहिली फेरी असायची ती पायांची, आणि ती बाईनं सुरू केलेली होती. पूर्वी एकदा पंचांनी एक देखणा वळू पास केला. रुंद कपाळ, काजळ घातल्यासारखे डोळे, अंगावर अशी चकाकी की पुढं उभं राहून भांग पाडावा. पुढच्या हंगामात तो बसला तो उठेचना. मागचे पाय गेले. तेव्हा बाईनं सभेत टेबलावर हात आपटला होता.

"तोंड बघून लग्नं लागतात! वळू नाही!"

तेव्हापासून मैदानाच्या मध्ये दोरीवर एक लांब ताडपत्री टांगायची, वळूच्या पोटापर्यंत येईल अशी. पलीकडून वळू चालवत न्यायचा. अलीकडं पंच बुटक्या स्टुलांवर बसायचे. त्यांना दिसायचे फक्त पाय. जमीन कडक, वर धुळीचा पातळ थर, म्हणजे खुरांचे ठसे उमटावेत. वळू धरणाऱ्याचेही पाय दिसतात, आणि पायांवरून माणूस ओळखू येतो, म्हणून सगळ्यांना संघाचे एकसारखे काळे रबरी बूट. कोण कुणामागून येणार ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. पंचानं पाय बघायचे, मोठ्यानं मत सांगायचं, अध्यक्षांनी खडूनं फळीवर खूण करायची. इतका सरळ कारभार होता, आणि त्याचा बाईला इतका अभिमान होता की पाहुण्यांनासुद्धा ती चहाआधी ताडपत्रीची गोष्ट सांगायची.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती, कारण यंदा तिचा स्वतःचा वळू पारखणीला होता.

घरचा जुना वळू थकला होता. गाय समोर आणली की तो तिच्याकडं बघून नुसता उसासा टाकायचा. गोठ्यात नव्या वळूला जागा एकच, आणि मागं दोन गोऱ्हे बरोबरीचे वाढत होते. एक भुरा, जरा बुटका, आपल्या चालीनं चालणारा. दुसरा काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका, दिसायला राजबिंडा. खायला पहिला, रुसायला त्याच्याही आधी, आणि कामाला कधीच नाही, म्हणून बाईनं त्याचं नाव ठेवलं 'जावई'. खरा जावई घरी आला की पंचाईत व्हायची. पुढच्या खोलीत तो चहा पीत बसलेला आणि मागून बाईची हाक, "अरे, जावयाचं शेण काढलं का?"

कुणाला ठेवायचं, यावर घरात चर्चा झाली. म्हणजे बाई बोलली आणि बाकीच्यांनी ऐकलं. फक्त सूनबाई म्हणाली, "आई, काळ्याची मागची ढोपरं फार सरळ वाटतात. भुऱ्याची ठेवण बरी आहे."

ढोपर म्हणजे मागचा पाय जिथं मागं मोडतो तो सांधा. बाईनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं ताकात पडलेल्या माशीकडं पाहावं.

"सरळच असावीत. वाकडं असायला ते काय तुझ्या माहेरचं आहे?"

झालं. भुरा खच्ची होऊन दुसऱ्याच्या दारात गेला, आणि जावई राहिला. आता हा पास झाला नाही तर गोठ्यात वळूच नाही, आणि गाई घेऊन येणारी माणसं दुसऱ्याचं दार धरणार. पण तेही एकवेळ चाललं असतं. खरी गोम वेगळीच होती. जावई नापास झाला तर सूनबाई बरोबर ठरणार होती. पोरगी तोंडानं काही म्हणाली नसती. तेच बाईला सहन होणार नव्हतं. म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं, न म्हणणाऱ्याचं काय करायचं?

पारखणीच्या दिवशी सकाळी अध्यक्षांनी बाईला बाजूला घेतलं. अध्यक्ष म्हातारे, मऊ बोलणारे, कुणालाही दुखवायचं नाही म्हणून आयुष्यभर अर्धं वाक्य बोललेले.

"बाई, तुमचा वळू आहे यंदा. नियमाप्रमाणं त्याच्या वेळी तुम्ही... म्हणजे..."

"उठायचं. माहीत आहे मला. नियम मीच केलाय."

"पण पायांच्या फेरीत तुम्हाला कळणार कसं, की तुमचा कुठला? म्हणून म्हणतो, ही फेरी तुम्ही राहू द्या."

बाईला हा अपमान वाटला. "मला कळणार नाही? अध्यक्ष, अंधाऱ्या गोठ्यात नुसत्या खुराच्या आवाजावरून मी जनावर सांगते. माझा जावई आला की मी आपणहून उठेन आणि त्या झाडाखाली जाऊन बसेन. नाही उठले तर माझं नाव बदला."

तिसरे पंच, दाढीवाले जनावरांचे डॉक्टर, हसून म्हणाले, "बसू द्या हो. बाईंचा डोळा आहे तो."

आता बाईच्या मनात काय होतं ते सांगायला हवं, कारण ती स्वतः ते कुणाला सांगणार नव्हती. खुरांवरून ओळखीन हे सगळं बोलायचं. तिचा भरवसा होता पोराच्या पायांवर. तिचा मुलगा बापावर गेलेला. डावा पाय असा फरफटत टाकायचा की जणू मागं कुणी दोरीनं धरलंय. बूट कितीही एकसारखे घाला, ती फरफट लपणार होती थोडीच? जावयाला तोच धरून आणणार होता. पोराची फरफट आली की उठायचं, चार लोकांत वाहवा घ्यायची, आणि झाडाखाली थंडगार बसायचं. कुणी फसवाफसवी म्हणेल. बाई त्याला अनुभव म्हणायची.

फेरी सुरू झाली.

पहिले पाय आले तेव्हा बाई रंगात होती. "खूर पसरट. वजन वाढलं की फाकतील. पण ढोपर चांगलं. चालेल."

दुसऱ्याला ती म्हणाली, "हा पुढच्या पायांत आत झुकतो. गुडघ्याला गुडघा सांगतोय, तू पुढं हो."

डॉक्टर हसले. ताडपत्रीच्या कडेला जमलेली माणसंही हसली. बाईला ऐकायला लोक मुद्दाम कडेला येऊन उभे राहायचे. त्यांत तिचा नवराही होता, हातात चहाचा कप घेऊन. तो मात्र तिचं ऐकायला आला नव्हता. ते त्याला घरी फुकट मिळायचं.

एकामागून एक पाय येत होते. बाईची एक नजर खुरांवर, दुसरी बुटांवर. कुणी ताडताड चालत होता, कुणी चवड्यावर. फरफट काही येत नव्हती. शेवटी असेल, बाईनं मनाशी म्हटलं. आपल्या पोराला कधी पहिलं यायचं माहीतच नाही.

तेवढ्यात फाटकाकडं कुणीतरी ओरडलं, "अरे, हा ट्रक कुणाचा? वाट अडलीय! काढा आधी!" थोडी धावपळ झाली. बाईनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. पंचानं इकडंतिकडं बघू नये.

मग ताडपत्रीखाली नवे पाय आले. काळे, जाड, घासून धुतलेले. शेजारी बूट चालत होते ते हलके, नीट टाकलेले, एकासमोर एक. फरफट नाही. बाई निर्धास्त झाली आणि पायांकडं बघू लागली.

"थांबवा," ती म्हणाली. "पुन्हा चालवा."

पाय मागं गेले, पुन्हा आले.

"हे पाय आहेत का खाटेचे खूर?" बाईनं सुरुवात केली, आणि कडेचे लोक सरसावले. "ढोपरात बाक बघा. आहे का? नावालासुद्धा नाही. वरून खालपर्यंत खांब. पोरंसोरं म्हणतील, काय ताठ उभा राहतो! ताठ उभा राहायला तो काय दारावरचा शिपाई आहे? वळूला गाईवर चढायचं असतं. चढला की सगळं वजन येतं मागच्या पायांवर. ढोपराला बाक असेल तर ते वजन झेलतं. नसेल तर धक्का थेट हाडाला. एक हंगाम जाईल, फार तर दुसरा. मग ढोपरं सुजतील, आणि हा गाईकडं बघून कविता करील."

हशा झाला. हशा झाला की बाई थांबत नसे, हा तिचा जुना आजार.

"ठसे बघा. मागचा खूर पुढच्याच्या ठशात पडायला हवा. हा वीतभर मागं पडतोय. आखडून चालतो. आणि खूर? झिजलेलेच नाहीत. म्हणजे याला चालवलेलाच नाही. गोठ्यात उभा करून खाऊ घातलंय. मी सांगते, हा कुण्या बाईमाणसानं पाळलाय, आणि तीही म्हातारी. रोज समोर खुर्ची टाकून बसायची आणि माझा राजा, माझा सोन्या करत तोंड बघायची. तोंडावरून खाली नजर उतरली असती तर हे दिसलं नसतं का? आंधळ्यालासुद्धा हात फिरवून कळेल."

"बाई, एवढं काही वाईट नाही," डॉक्टर दाढी खाजवत म्हणाले. "सरळ आहेत हे खरं. पण सांधा सुजलेला नाही. मी पास म्हणेन."

"तुम्ही म्हणाल. तुम्हाला इलाज करायला पुढं गिऱ्हाईक हवंय."

"आणि अध्यक्ष, तुमचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला वाटतं... म्हणजे बाई म्हणतात त्यातही..." अध्यक्षांचा खडू हवेतच राहिला.

"त्यातही बितातही काही नाही. लिहा नापास. बाक नसलेला वळू आणि बाक नसलेली सून, दोन्ही सारखीच. वाकत नाहीत, थेट मोडतात."

यावर हशा व्हायला हवा होता. झाला नाही. बाईनं मान वळवून पाहिलं. कडेची माणसं ताडपत्रीच्या दोन्ही बाजू बघू शकत होती, आणि ती सगळी पलीकडं बघत होती. तिच्या नवऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला होता. त्याचे खांदे हलत होते. चहा सोडून तो कधी हसत नसे, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

अध्यक्षांनी दोरी सैल केली. ताडपत्री खाली आली.

पलीकडं जावई उभा होता. काळाभोर, कपाळावर ठिपका, आणि बाईला बघताच त्यानं मान पुढं केली, कान खाजवून घ्यायला. त्याचा कासरा सूनबाईच्या हातात होता.

"ह्यांना ट्रक काढायला जावं लागलं," सूनबाई म्हणाली. "म्हणून मी आणला."

बाईनं आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं आणि त्यातून काही बाहेर आलं नाही. लोक ते बघून इतके चकित झाले की हसायचंही विसरले. मग मात्र हसले. पोट धरून हसले. बाईच्या बुडाखालचं बुटकं स्टूल त्या क्षणी आणखी बुटकं झालं.

"तुमचं नाव बदलायचं ना आता?" मागून कुणीतरी विचारलं.

"बदला," नवरा म्हणाला, "पण लिहायला सोपं ठेवा. तिला पुन्हा शिकायला लागेल."

अध्यक्षांनी हात वर केला. त्यांना यातून वाट दिसली होती, आणि वाट दिसली की ते पूर्ण वाक्य बोलायचे. "हे बघा, नियम साफ आहे. पंचानं स्वतःच्या वळूला मत द्यायचं नाही. तेव्हा बाईंचं मत धरता येत नाही. ते रद्द. डॉक्टर पास म्हणतात. मला शंका आहे, आणि शंकेचा फायदा आपण वळूला देतो. म्हणजे झाला पास."

बाईच्या जिवात जीव आला. पास! तिचं तोंडच तिच्या आड आलं होतं, आणि तिच्याच नियमानं तिला वाचवलं. बिल्ला लागेल, गाई येतील, गोठा चालेल. सूनबाईला बरोबर ठरायला कसलीच जागा उरणार नव्हती. नवरा जवळ येऊन कानात म्हणाला, "गप बस आणि घेऊन चल. गप बसायचं कसं ते मी वाटेत सांगतो."

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत. जावयाजवळ गेली. सूनबाईच्या हातातून कासरा घेतला आणि त्याला त्या कडक जमिनीवर स्वतः चालवत नेला, मान मागं वळवून मागच्या पायांकडं बघत.

खांब होते. वरून खालपर्यंत खांब.

असं कसं झालं? रोज तर बघत होते. मग तिच्या डोळ्यांसमोर गोठा आला. गोठ्याची फरशी तिनंच उतरती करून घेतली होती, मूत वाहून जावं म्हणून, आणि गवंडी पुरे म्हणाला तरी आणखी उतरती करायला लावली होती. जावई दावणीला तोंड करून उभा, पुढचे पाय वर, मागचे खाली. चढावर उभं जनावर मागच्या पायांत आपोआप जरा दबतं, आणि खांबालाही बाक आल्यासारखा दिसतो. बाजारात व्यापारी हीच युक्ती करतात. वळू मुद्दाम उंचवट्यावर उभा करतात. बाजारात बाईचा पहिला शब्द असायचा, "आधी खाली उतरव त्याला." लबाड व्यापाऱ्यांना तिनं आयुष्यभर उघडं पाडलं, आणि स्वतःला मात्र पक्की फरशी बांधून फसवलं. तेही खुर्ची टाकून. तेही समोरून.

जावयानं पुन्हा मान पुढं केली. तिनं कान खाजवला. त्याचं काय चुकलं होतं?

इथं बाईला सत्याचा उमाळा आला किंवा लोकांच्या गाईंची कणव आली असं कुणी समजू नये. बाई तशी नव्हती. तिच्या मनात साधा हिशेब चालू होता. वळू पास झाला तर आज ताडपत्रीसमोर केलेली तिची पारख चुकीची ठरत होती. नापास झाला तर इतके दिवस खुर्चीवरून केलेली. दोन्हीकडं चूक तिचीच. प्रश्न एवढाच की कुठली चूक घेऊन चारचौघांत मिरवायचं. खुर्चीवरची चूक घरची होती. पण ताडपत्रीखालची पारख सगळ्यांनी ऐकली होती, आणि ती इतकी झकास होती! खाटेचे खूर, दारावरचा शिपाई, कविता. असं बोलणं रोज सुचत नाही. आज ते खोटं म्हणायचं, आणि उद्या जावयाची ढोपरं सुजली की लोक म्हणणार, बाईला दिसलं होतं, पण पोटच्यासाठी गिळलं.

आणि दिसत होतं, हे तर खरंच होतं. दिसलेलं न दिसल्यासारखं करणं तिला जमलं नसतं. तिला न दिसलेलं दिसल्यासारखं करायची सवय होती, उलट नाही.

"अध्यक्ष," ती म्हणाली, "माझं मत रद्द करा. बरोबर आहे ते."

"केलं."

"पण वळू माझा आहे. मालकीण म्हणून मी तो मागं घेते. कानाला हात लावू नका त्याच्या."

"बाई, अहो पास झालाय तो!"

"झाला असेल. तुम्हाला पाय कळत नाहीत म्हणून झालाय."

डॉक्टरांनी हात जोडले. नवऱ्यानं आकाशाकडं बघितलं. मुलगा ट्रक लावून फरफटत परत आला आणि विचारू लागला, "आपला नंबर आला का?"

घरी परतताना ट्रकमध्ये पुढं तिघं बसली. मुलगा चालवत होता, बाई मध्ये, सूनबाई दाराकडं. नवरा मागं जावयापाशी उभा राहिला. पुढच्यापेक्षा तिथं शांतता जास्त असेल म्हणाला.

बरीच वाट गेल्यावर सूनबाई म्हणाली, "आई, ते सुनेचं..."

"काय सुनेचं?"

"बाक नसलेली सून. थेट मोडते म्हणालात."

"वळूबद्दल चाललं होतं."

"ते कळलं मला. पलीकडं मीच होते."

बाई समोरच्या काचेतून रस्ता बघत म्हणाली, "तू मोडली नाहीस अजून. म्हणजे कुठंतरी बाक असणार. मला दिसला नसेल. मी खुर्चीत असते."

बाईकडून माफी म्हणून जगात एवढंच मिळत होतं, आणि तेही ट्रकच्या आवाजात. सूनबाईनं खिडकीकडं तोंड फिरवलं. तिचे खांदे तिच्या सासऱ्यासारखे हलत होते.

जावई खच्ची झाला. बाई त्या दिवशी घराबाहेर पडली नाही. मुलीचा फोन आला. तिनं सहज विचारलं, "जावई कसाय?" आणि बाईनं सगळं सविस्तर सांगितलं. पलीकडं फोन मोठ्या आवाजावर होता आणि खरा जावई जेवत होता. त्यानं ताट बाजूला सारलं म्हणे.

मग पुन्हा तोच प्रश्न. गोठ्यातली जागा रिकामी, आणि वाड्यात या वर्षीचे तीन लहान गोऱ्हे. एक निवडायचा होता. बाईला त्यांतला पांढऱ्या पाठीचा पहिल्या दिवसापासून आवडला होता. त्याचं तोंड फार देखणं होतं. हे लक्षात आल्यावर तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि सूनबाईला हाक मारली.

"फरशीवर नको. रस्त्यावर घे. तू बस, मी चालवते."

"तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांना कुठं बिल्ला लावायचाय."

सूनबाई रस्त्याच्या कडेला बुटक्या स्टुलावर बसली. बाई एकेका गोऱ्ह्याला कासऱ्यानं धरून तिच्यासमोरून नेऊ लागली. चालवणाऱ्याचं काम किती नेटाचं असतं ते तिला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. गोऱ्हा एकीकडं ओढतो, आपण दुसरीकडं, आणि स्टुलावर बसलेला माणूस वर म्हणतो, पुन्हा. सूनबाई दर वेळी म्हणायची, "पुन्हा." बाईला वाटलं, ही सूड घेतेय. मग वाटलं, आपणही असंच म्हणतो.

शेवटी सूनबाईनं बोट केलं ते तिसऱ्याकडं. करड्या रंगाचा, केसाळ, आणि कान असे लोंबते की पावसाळी टोपी घातल्यासारखा दिसे.

बाईच्या जिभेवर पाच-सहा वाक्यं एकदम आली. दाटीवाटीमुळं एकही बाहेर पडलं नाही.

"हा?" एवढंच ती म्हणाली. "मला दाखव."

सूनबाई उठली आणि तिनं कासरा घेतला. बाई स्टुलावर बसली, म्हणजे जवळजवळ पडलीच. तिथून तिला करड्याचे पाय दिसले. ढोपरात मऊ बाक. खुरावरचा सांधा लवचीक. मागचा खूर पुढच्याच्या ठशात असा पडत होता की रस्त्यावर दोनच पायांचं जनावर गेल्यासारखं वाटावं.

"दिसलं?" सूनबाईनं विचारलं.

"दिसलं," बाई म्हणाली. मग राहवेना. "पण कान वाईट आहेत."

"कानांनी गाय गाभण राहत नाही, आई."

नवरा कुंपणाशी उभा होता. त्याला चहा ठसकला. सूनबाई काहीच न झाल्यासारखी करड्याला घेऊन वाड्याकडं चालू लागली. बाई स्टुलावरून उठायची धडपड करत राहिली, पण ते तिला एकटीला जमेना आणि कुणाला हाक मारायचीही नव्हती. तेव्हा ती तिथंच बसून राहिली, आणि साध्यासुध्या घरातून आलेल्या या पोरीला असलं तोडून बोलायला कुणी शिकवलं असेल, याचा बराच वेळ विचार करत राहिली.